मराठी न्यूज चॅनेलच्या संपादकांना खुलं पत्र: 'कुणीच अडवू शकत नाही' हे कुणी ठरवलं?

सगळ्या मराठी न्यूज चॅनेलचे संपादक आणि डिफेन्सच्या बातम्या करणारे पत्रकार यांना सप्रेम नमस्कार,

मी आर्मी एअर डिफेन्समधून हवालदार म्हणून रिटायर झालोय. बावीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी एल-७० या विमानं पाडणाऱ्या तोफेच्या डिटॅचमेंटवर, म्हणजे तोफ चालवणाऱ्या तुकडीत, आणि तिच्या रडारवर गेली. गाव सातारा जिल्ह्यात, आता शेती आणि दोन म्हशी बघतो. थोरला मुलगा सैन्यात माझ्याच शाखेत आहे, कुठं आहे ते इथं लिहिणार नाही. वरून काही आलं तर ते पहिलं ज्यांच्या डोक्यावर येतं त्यातला एक माझ्या घरचा आहे, म्हणून हे पत्र.

झालं असं की गेल्या महिन्यात तुमच्यातल्याच एका चॅनेलवर अर्ध्या तासाचा हायपरसॉनिक मिसाईलचा प्रोग्राम लागला होता. त्यात अँकर चार वेळा म्हणाला की जगातली कुठलीच यंत्रणा हे मिसाईल अडवू शकत नाही, आणि पाठीमागं ग्राफिक्समध्ये एक लाल रेघ शहरावर जाऊन आदळत होती. मी त्या चॅनेलला सविस्तर मेल केला, काय चुकलंय ते एकेक करून लिहिलं. उत्तर आलं, 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे'. आणि पुढच्या रविवारी तोच प्रोग्राम जसाच्या तसा परत लावला. मग म्हटलं आता सगळ्यांसमोरच लिहू.

आधी मागच्या वर्षीचं सांगतो म्हणजे तुम्हाला कळेल मला एवढं का लागलंय. १० मे २०२५, शनिवार. ऑपरेशन सिंदूर चालू होऊन तीन दिवस झालेले, पोराचा फोन सात तारखेपासून बंद. तो बंदच असणार हे मला माहीत होतं, मी पण असेच फोन बंद ठेवलेत, पण त्याच्या आईला ते कोण समजावणार. ती तीन दिवस टीव्हीसमोरून उठली नव्हती, भाकरी थापायला गेली तरी आवाज मोठा करून जायची. त्या दिवशी एका चॅनेलवर मोठ्या अक्षरात आलं की पाकिस्तानच्या जेएफ-१७ विमानाने हायपरसॉनिक मिसाईल मारून पंजाबातल्या आदमपूर हवाई तळावरची एस-४००, म्हणजे विमानं-मिसाईलं लांबूनच पाडणारी आपली मोठी यंत्रणा, उडवली. 'दावा' हा शब्द होता, नाही असं नाही, पण तो खाली कोपऱ्यात बारीक होता आणि वर सायरनचा आवाज लावलेला. ती पिठाच्या हातांनीच बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, ते एस-चारशे म्हणजे आपल्या पोराकडचंच का?" मी म्हटलं नाही गं, त्याच्याकडं तोफ आहे. तर म्हणाली, "एवढी मोठी मशीन उडाली तर तोफेचं काय राहिलं असंल?" याला मी काय उत्तर देणार सांगा. त्याच दिवशी सरकारने हा दावा खोटा आहे म्हणून सांगितलं, आणि १३ तारखेला पंतप्रधान आदमपूरला गेले तेव्हा मागं एस-४०० चा लाँचर उभा असलेला सगळ्या देशाने बघितला. पण मधले ते तीन दिवस आमच्या घरात कसे गेले ते आम्हालाच माहीत. सायरन लावणाऱ्या त्या चॅनेलने चूक झाली असं एका ओळीत तरी सांगितलेलं मला दिसलं नाही.

आता तक्रारी.

पहिली तक्रार त्या शब्दाबद्दलच आहे. हायपरसॉनिक म्हणजे मॅक ५ च्या वर, ध्वनीच्या पाचपट, बस एवढाच त्याचा अर्थ. हा वेग काही नवीन नाही. १९४४ मध्ये जर्मनीने लंडनवर जी व्ही-२ रॉकेटं टाकली ती ध्वनीच्या पाचपटीच्या घरात जायची. आपल्या अग्नी-५ ची पहिली टेस्ट २०१२ ला झाली, तिचं वॉरहेड, म्हणजे पुढचा स्फोटकाचा भाग, खाली येताना वीसपटीच्या पुढं जातं. म्हणजे नुसत्या वेगावर बोलायचं तर लांब पल्ल्याचं प्रत्येक बॅलिस्टिक मिसाईल, म्हणजे रॉकेटने वर फेकलेलं आणि मग दगडासारखं खाली येणारं, हायपरसॉनिकच आहे. हल्ली नवीन म्हणतात ते दोन प्रकार. एक ग्लाइडर, म्हणजे रॉकेटने वर नेऊन सोडायचं आणि मग ते हवेच्या वरच्या थरातून वळणं घेत घसरत जातं. दुसरं स्क्रॅमजेट, म्हणजे समोरून जोरात येणारी हवा घेऊन चालणाऱ्या इंजिनवालं क्रूझ मिसाईल. रशियाचं किंझाल यातलं कुठलंच नाही, ते मिग-३१ विमानातून सोडलेलं त्यांच्याच जमिनीवरून सुटणाऱ्या इस्कंदरच्या जातीचं बॅलिस्टिक मिसाईल आहे. आणि आपलं ब्राह्मोस मॅक ३ च्या आसपास जातं, ते सुपरसॉनिक आहे, तरी तुमच्या पट्टीवर मी त्याला कितीदा तरी 'हायपरसॉनिक ब्राह्मोस' लिहिलेलं बघितलंय. अहो, मे २०२५ च्या लढाईत ज्याने काम केलं ते हे मॅक ३ वालंच, मग त्याला खोटा शिक्का कशाला पाहिजे?

दुसरी तक्रार 'अडवता येत नाही' ची. हे वाक्य आलं कुठून ते बघा. १ मार्च २०१८ ला पुतीननी भाषणात किंझाल आणि अवांगार्ड ही नवी हत्यारं दाखवली आणि सांगितलं की आत्ताची आणि पुढं येणारी सगळी एअर डिफेन्स हे भेदून जाईल. म्हणजे माल बनवणाऱ्यानेच मालाची केलेली तारीफ ती. मार्च २०२२ ला रशियाने युक्रेनमध्ये किंझाल पहिल्यांदा वापरलं तेव्हा तुम्ही तेच वाक्य उचललं. मग एप्रिल २०२३ ला युक्रेनला पॅट्रियट ही अमेरिकी बनावटीची एअर डिफेन्स सिस्टीम मिळाली आणि ४ मेच्या रात्री कीव्हवर किंझाल पाडलं गेलं, अमेरिकेच्या पेंटागॉननेही ते खरं असल्याचं सांगितलं. १६ मेच्या रात्री एकदम सहा पाडली असं युक्रेन म्हणतो, रशियाने ते नाकारलंय, आपण सहाचा आकडा बाजूला ठेवू. पण 'एकही पडणार नाही' हे तर चार तारखेलाच संपलं ना. पॅट्रियटचा मूळ जन्म पण काही कालपरवाचा नाही, ऐंशीच्या दशकापासूनची सिस्टीम आहे ती, वेळोवेळी सुधारलेली.

हे का झालं ते रडारवर बसलेल्या माणसाला विचारा. मिसाईल कितीही जोरात निघालं तरी टार्गेटजवळ येताना त्याला दाट हवेत शिरावं लागतं, तिथं त्याचा वेग मार खातो. वळण घ्यायचं म्हटलं तरी वेग जातो, फुकटात वळता येत नाही. जिथं वेग सगळ्यात जास्त असतो ते आकाश वेगळं आणि जिथं आम्ही बसलेलो असतो ते आकाश वेगळं. पुढचंही सांगतो, नाहीतर माझी पण एकतर्फी बातमी होईल. २०२५ मध्ये रशियाने शेवटच्या टप्प्यातल्या हालचाली बदलल्या आणि पॅट्रियटला अडवणं अवघड झालं अशा बातम्या आल्या, त्या मला खऱ्या वाटतात, कारण दोन्ही बाजू शिकत असतात. शिवाय पॅट्रियटची एक बॅटरी, म्हणजे रडार आणि लाँचरचा एक संच, एखाद्या शहरापुरती, एखाद्या तळापुरती, सगळ्या देशावर छत्री धरता येत नाही आणि तिची मिसाईलं पण मोजकीच असतात. म्हणजे अडवता येतं का याचं खरं उत्तर असं आहे की कुठं येतंय, किती येताहेत, खाली काय ठेवलंय आणि मारायला किती शिल्लक आहे त्यावर ठरतं. हे उत्तर पट्टीवर मावत नाही हे मला कळतं, पण खरं उत्तर तेच आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायचीय, कारण ती मी स्वतः बघितलीय. ओडिशात गोपाळपूरला आमचं एअर डिफेन्स कॉलेज आहे, तिथं समुद्राकाठी फायरिंग असायचं. बिनपायलटचं छोटं टार्गेट विमान समोरून येणार आणि आम्ही मारायचं. नव्या पोरांना वाटायचं की जोरात येणारं टार्गेट अवघड. तसं नसतं. उंचावरून जोरात येणारं स्क्रीनवर लांबूनच दिसायला लागायचं, ऑपरेटर शांतपणे ट्रॅक घ्यायचा, तोफ फिरायला वेळ मिळायचा. आमची तारांबळ उडायची ती खालून येणाऱ्याची. लाटांना घासून यायचं, समुद्राच्या पाण्याच्या गडबडीत रडारला दिसायचं नाही आणि दिसायचं तेव्हा एकदम जवळ. एकदा असाच लो-लेव्हल पास आमच्या अंगावरून निघून गेला, आमच्या तोफेतून गोळाच सुटला नाही. टार्गेटचा वेग काही फार नव्हता. संध्याकाळी डिटॅचमेंट कमांडरने आम्हाला वाळूत बसवून एकच प्रश्न विचारला, "दिखा कब?" किती स्पीड होता ते विचारलंच नाही.

साताऱ्यातल्या माणसाला हे लगेच कळेल. हायवेवरून येताना अजिंक्यतारा कितीतरी लांबून दिसतो, पण पोवई नाक्यावर उभं राहिलं तर वळणापलीकडची एसटी अंगावर येईपर्यंत दिसत नाही. पृथ्वी गोल आहे म्हणून रडारचंही तसंच. तीस किलोमीटर उंचीवरून येणारं ग्लाइडर जमिनीवरच्या ताकदवान रडारच्या नजरेच्या रेषेत साधारण सातशे किलोमीटरवरून येतं. मॅक ५ म्हणजे त्या उंचीवर सेकंदाला दीड किलोमीटर धरा, तर सात-आठ मिनिटं हातात राहतात. मॅक १० धरलं तर त्याच्या निम्मी. आणि पाण्याच्या वर दहा मीटरवरून येणारं साधं, ध्वनीपेक्षाही हळू जाणारं मिसाईल जहाजाच्या रडारला तीसेक किलोमीटरवर दिसतं, म्हणजे हातात पावणेदोन मिनिटं. आता सांगा, कुणाच्या हातात वेळ कमी? एप्रिल २०२२ मध्ये काळ्या समुद्रात रशियाचं मोस्कवा हे ताफ्यातलं मुख्य जहाज बुडालं, ते युक्रेनच्या दोन नेपच्यून मिसाईलनी. नेपच्यून सबसॉनिक आहे, प्रवासी विमानाच्या वेगाने जातं. त्या जहाजावर स्वतःची एअर डिफेन्स मिसाईलं होती तरी.

अमेरिकेत डेव्हिड राइट आणि कॅमरन ट्रेसी या दोघांनी २०२१ मध्ये ग्लाइडरचा सगळा हिशोब गणितानं मांडला. त्यांचं म्हणणं असं की तेवढ्याच अंतरावर, खालच्या मार्गाने सोडलेलं बॅलिस्टिक मिसाईल ग्लाइडरइतक्याच किंवा त्याहून कमी वेळात पोचतं, कारण ग्लाइडर बराच वेळ हवेशी घासत जातं. आणि त्या घासण्यानं ते इतकं तापतं की उपग्रहाच्या इन्फ्रारेड कॅमेऱ्याला उजेडासारखं दिसतं. 'अदृश्य' हा शब्द तुम्ही कुठून आणला ते मला आजवर समजलेलं नाही.

याचा अर्थ हे हत्यार बिनकामाचं आहे असं मी म्हणत नाहीये. बॅलिस्टिक मिसाईल शेकडो किलोमीटर वर जातं म्हणून ते फार लांबून दिसतं, त्या मानानं ग्लाइडर जमिनीवरच्या रडारला उशिरा दिसतं हे खरं आहे. ते वळतं म्हणून नक्की कुठं पडणार हे शेवटपर्यंत कळत नाही, हेही खरं. समुद्रात फिरणाऱ्या मोठ्या जहाजाला लांबून मारायचं तर या दोन्हीचा उपयोग आहे आणि आपणही १५०० किलोमीटरहून जास्त पल्ल्याचं हायपरसॉनिक मिसाईल १६ नोव्हेंबर २०२४ ला ओडिशाजवळच्या कलाम बेटावरून उडवलं त्याचा मला अभिमान आहे. पण जहाज १५०० किलोमीटरवर आहे हे सांगणार कोण? त्याला उपग्रह पाहिजे, टेहळणी विमान पाहिजे, ती माहिती मिनिटामिनिटाला पोचवणारी यंत्रणा पाहिजे. डोळा आंधळा असेल तर हात कितीही जोरात मारा. या डोळ्याबद्दल तुमच्याकडे एक प्रोग्राम झालेला मला आठवत नाही.

चौथी तक्रार, टेस्ट आणि हत्यार यातला फरक तुम्ही सांगत नाही. सप्टेंबर २०२० ला आपलं स्क्रॅमजेट इंजिन हवेत वीस सेकंदांहून जास्त चाललं. २५ एप्रिल २०२५ ला हैदराबादला जमिनीवरच्या टेस्टमध्ये ते एक हजार सेकंदांच्या वर चाललं. वावटळीत चूल पेटती ठेवावी तसं काम आहे ते, ज्यांनी केलं त्यांना माझा सॅल्यूट. पण ती जमिनीवरची, छोट्या आकाराच्या कम्बस्टरची, म्हणजे इंजिनात इंधन जळतं त्या भागाची, टेस्ट होती आणि एका चॅनेलवर त्या रात्री 'मिसाईल तयार, शत्रूची झोप उडाली' असं चालू होतं. अमेरिकेसारख्या देशाचं एआरआरडब्ल्यू हे ग्लाइडर मिसाईल २०२१ मध्ये लागोपाठ फेल गेलं, मार्च २०२३ ला परत फेल गेलं, तेव्हा त्यांच्या एअर फोर्सने सांगितलं की आम्ही हे घेत नाही, आणि २०२५ मध्ये परत त्यासाठी पैसे मागितले. म्हणजे ज्यांच्याकडे एवढा पैसा त्यांचंही मत पक्कं झालेलं नाही. अवघड काम आहे, पदरी अपयश येणारच, पण मग आपल्याकडचं प्रत्येक पाऊल म्हणजे विजय असं दाखवलं की उद्या एखादी टेस्ट फेल गेली तर त्याच शास्त्रज्ञांना लोक नावं ठेवतील. ते पाप तुमच्या माथी येईल.

पैशाचं पण बोला. अमेरिकेच्या संसदेचं बजेट बघणारं जे ऑफिस आहे त्यांनी जानेवारी २०२३ ला हिशोब केला, मध्यम पल्ल्याचं एक ग्लाइडर मिसाईल ४ कोटी १० लाख डॉलरच्या आसपास. आपल्या पैशात साडेतीनशे कोटींच्या पुढं, एका मिसाईलला. आणि टोकाला वळणारं वॉरहेड लावलेलं बॅलिस्टिक मिसाईल जवळपास तेच काम करतं, त्यापेक्षा हे एक तृतीयांशानं महाग पडतं. मे २०२५ मध्ये ८ तारखेच्या रात्री तीन-चारशे ड्रोन ३६ ठिकाणी आले असं आपल्याच सैन्याने सांगितलं, आणि ते पाडण्यात एल-७० होती, झेडयू-२३ आणि शिल्का या तोफा होत्या. एल-७० म्हणजे साठच्या दशकात आलेली तोफ, मी जिच्या ब्रीचमध्ये हात घालून ग्रीस लावलंय ती. तिच्या बॅरलबद्दल, गोळ्यांबद्दल, तिच्या जागी पुढं काय येणार याबद्दल किती मिनिटं दिलीत तुम्ही?

शेवटची तक्रार मला भीती वाटते म्हणून लिहितोय. ९ मार्च २०२२ ला आपलं एक ब्राह्मोस चुकून सुटलं आणि पाकिस्तानात १२४ किलोमीटर आत मियां चन्नूजवळ पडलं. वॉरहेड नव्हतं, कुणी मेलं नाही, आपण चूक मान्य केली, एअर फोर्सच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं. त्या दिवशी पलीकडं रडारवर माझ्यासारखाच कुणीतरी हवालदार बसलेला असणार. त्याने ट्रॅक बघितला असेल, वर कळवलं असेल, आणि वरच्याला ठरवायला काही मिनिटं मिळाली असतील. याच्या पोटात काय आहे, साधा स्फोटक का अणुबॉम्ब, हे स्क्रीनवर दिसत नाही. ते मॅक ३ चं होतं. उद्या दोन्हीकडं मॅक ६ ची, मॅक ८ ची आली, आणि कुठं जाणार तेही शेवटपर्यंत कळत नसलं, तर ती मिनिटं अजून कमी होणार. मी त्या खुर्चीत बसलोय हो. रात्री तीन वाजता स्टँड-टूमध्ये, म्हणजे सज्ज पहाऱ्यात, डोळे चोळत असताना ठिपका दिसला की तोंड कोरडं पडतं, आपलं विमान का दुसऱ्याचं हे ठरेपर्यंत. या हत्याराने काही बदलत असेल तर ते हे बदलतं, आणि नेमकं हेच तुमच्या लाल रेघेत कुठंच नसतं.

आता मागण्या, साध्याच आहेत. 'अडवता येत नाही', 'अदृश्य', 'गेमचेंजर' असं लिहायचं असेल तर कोण म्हणतंय त्याचं नाव त्याच अक्षरात, त्याच ओळीत द्या, मग तो पुतीन असो, पाकिस्तान असो नाहीतर आपल्याकडचा कुणी असो. मिसाईल बॅलिस्टिक आहे का ग्लाइडर का क्रूझ ते सांगितल्याशिवाय हायपरसॉनिक म्हणू नका. जमिनीवरची टेस्ट, उड्डाणाची टेस्ट आणि युनिटकडं पोचलेलं हत्यार हे तीन वेगळे शब्द वापरा. पॅनलवर एक तरी माणूस असा बसवा ज्याने एअर डिफेन्समध्ये रात्री काढल्यात, आमच्या साताऱ्या-सांगलीकडं गावोगाव अशी माणसं आहेत. लढाई चालू असताना सायरनचा आवाज बंद ठेवा, तो आवाज ज्यांच्यासाठी खरा असतो त्यांची घरं पण तुमचं चॅनेल बघत असतात. आणि बातमी चुकली तर दुरुस्ती ज्या वेळेला, ज्या आवाजात चूक सांगितली होती त्याच वेळेला, त्याच आवाजात सांगा.

मला बोलवलंत तर मी येईन, सकाळचं दूध घालून झालं की मोकळाच असतो, पुण्यापर्यंत एसटीने येतो, मानधन नको. नाही बोलवलंत तरी चालेल. पण १० मेच्या त्या बातमीची दुरुस्ती अजून राहिलीय. ती रात्री नऊला सांगा. पोरगं सुखरूप आहे, सुट्टीवर येऊन पण गेलं, तरी त्याची आई अजून रोज नऊला टीव्हीसमोर बसते.

आपला,
एक निवृत्त हवालदार, आर्मी एअर डिफेन्स
जिल्हा सातारा